आधी बांगड्या काढा

संशोधन हा शब्द ऐकला की एकेकाळी मी उठून उभी राहत असे. आता कुणी 'आमचं संशोधन चालू आहे' म्हणालं की मी आधी बघते, यानं लोकांना चपला कुठं काढायला लावल्यात. ही खोड मला एका खोलीनं लावली.

ती खोली माझ्या सासरच्या गावात होती. राजूरच्या रस्त्यावरून आत वळलं की हे गाव लागतं. मी जालन्यात कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. आम्ही दोघं नोकरीपायी शहरात, गावी थोरले दीर आणि जाऊबाई. शनिवारी-रविवारी आम्ही गावी जात असू. दोन हजार सालाच्या आसपास पुण्याच्या एका संस्थेनं गावातल्या दवाखान्यात टेलिमेडिसिनचा प्रकल्प आणला. दवाखान्यात मशीन बसणार, रोग्याच्या छातीला आणि हातापायांना तारा लागणार, हृदयाचा आलेख टेलिफोनच्या तारेनं शहरातल्या मोठ्या डॉक्टरकडं जाणार आणि डॉक्टर पडद्यावरून बोलणार. संस्थेला मोडेम आणि गावची भाषा दोन्ही कळणारं माणूस हवं होतं. मी सापडले.

मला खरंच आनंद झाला होता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाटेल मी जन्मजात कुजकट आहे. लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा फोन एकच होता, पोस्टातला. जालन्याला बोलायचं तर आधी कॉल लावून ठेवायचा, मग चहा प्यायचा, मग बेंबीच्या देठापासून ओरडायचं. बातमी अख्ख्या गल्लीला कळायची, जालन्याला सोडून. त्याच गावातून आता हृदयाचा आलेख दोन-तीन मिनिटांत शहरात पोचणार होता. लाइनवरची खरखर मोजणं आणि कमी करणं हे माझं काम. ते मी मन लावून केलं.

प्रकल्पाचे प्रमुख म्हणजे साहेब. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो आणि त्यांना ते आवडायचं. उद्घाटनाला ते गाडीतून उतरले ते स्वतःच्या पाण्याच्या बाटलीसकट. नारळ खोलीबाहेर फोडायला लावला, कारण मशीनवर थेंब उडाला असता. सरपंचांनी मॉनिटरला कुंकू लावलं, तर साहेबांनी हसत हसत ते रुमालानं पुसून टाकलं. मग भाषण झालं. खेडं आणि शहर यांच्यातलं अंतर आज संपलं, असं ते म्हणाले, आणि जेवण झाल्याझाल्या मुक्कामाला औरंगाबादच्या हॉटेलात निघून गेले.

मशीनच्या खोलीला एसी बसवला. बाळंतिणीच्या खोलीत पंखा नव्हता, पण मशीनला गरम होऊ नये याची काळजी होती. दाराबाहेर चपला काढायच्या, आत बोलायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. देवळात निदान प्रसाद तरी मिळतो. आत पुण्याहून आलेला एक तंत्रज्ञ बसे. तिशीतला, इस्त्रीच्या कपड्यातला, नियमाचा भारी पक्का. भिंतीवर नियमांचा कागद होता आणि त्यात पहिलंच होतं: अंगावरचे सर्व दागिने काढावेत. पुरुष घड्याळ काढायचे, अंगठी काढायचे आणि आडवे व्हायचे. राहिल्या बायका.

जाऊबाईंची एक मैत्रीण होती. घरी शिलाई मशीन टाकून गावभरचे ब्लाऊज शिवायची, म्हणून तिला सगळे ब्लाऊजवालीच म्हणत. दुसऱ्याच महिन्यात ती दवाखान्यात गेली. पायानं मशीन चालवताना छातीत कळ यायची आणि ती जबड्यापर्यंत चढायची. नवरा सोबत होता. तंत्रज्ञानं कागदाकडं बोट दाखवलं. ती म्हणाली, बांगड्या निघत नाहीत, कासारानं दाबून भरल्यात. त्यावर हा शहाणा भरल्या रांगेसमोर, नवऱ्यादेखत म्हणाला, "निघत नसतील तर फोडा."

आपल्याकडं चुकून बांगडी फुटली तरी 'फुटली' म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात. सवाष्णीच्या बांगड्या कधी फोडतात हे सहा वर्षांच्या पोरीलाही माहीत असतं. आणि हा इंजिनिअर तिच्या जित्या नवऱ्याच्या पुढ्यात उभा राहून फोडा म्हणतो. ती उठली, पदर सावरला आणि बाहेर आली. रांगेतल्या बाकीच्या बायकाही तिच्यामागोमाग चालत्या झाल्या.

पुढच्या बाजाराच्या आत ती गेली. शिवता शिवताच मशीनवर पडली. दवाखान्यात म्हणाले, ऊन लागलं असेल. घरात बसलेल्या बाईला.

हे मला जाऊबाईंनी सांगितलं, शनिवारी, भाकरीचं पीठ मळता मळता. बोलताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात थांबत नव्हते. मी त्यांच्या हातांकडं बघत होते. पीठ मळताना कुठलीही बाई करते तेच त्यांनीही केलं होतं. बांगड्या वर सारल्या होत्या, पार कोपराच्या खाली घट्ट बसतील अशा. मनगटं मोकळी होती. मशीनच्या तारेचा चिमटा बसायला असं किती मनगट लागतं? हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण इथं पुण्याहून आरसे घेऊन आलेल्यांना कांकण दिसत नव्हतं.

सोमवारी मी साहेबांना फोन केला. बांगड्या काढायला नकोत, वर सारल्या तरी आलेख व्यवस्थित येतो, मी स्वतःवर करून बघते, असं सांगितलं. झालेलं सगळं सांगितलं.

"मॅडम, वाईट झालं," साहेब म्हणाले. "पण पद्धत ही पद्धत असते. एका गावासाठी बदलली तर तुलना कशी करायची?"

"तुलना कुणाशी, साहेब? आपल्याकडं बाईचा एकही आलेख नाही."

"म्हणजे त्यांना गरज वाटत नसेल," ते म्हणाले, आणि त्यांना दुसरा फोन आला.

मी गप्प बसले नाही. जेव्हा जेव्हा ते आले तेव्हा तेव्हा बोलले. तंत्रज्ञालाही बोलले. तो म्हणायचा, वरून आलं पाहिजे. वर साहेब होते आणि साहेब म्हणायचे, खालून मागणी नाही. एका बाईला त्या खोलीत नीट आडवं होता यावं, एवढंच मागणं होतं माझं. पण महिन्यांमागून महिने गेले तरी एक बाई तिथं आडवी झाली नाही, आणि एसी तेवढा थंडगार चालू राहिला.

हिवाळ्यात पुण्यात परिषद होती. साहेबांनी पडद्यावर रंगीत तक्ते दाखवले. पुरुषांचे आलेख इतके, त्यांतले बिघडलेले इतके, आणि बायकांच्या रकान्यात शून्य. हा माणूस त्या शून्यापाशी थांबला. मला वाटलं, आता लाजेल. तो म्हणाला की या भागातल्या ग्रामीण स्त्रिया हृदयरोगापासून जवळजवळ मुक्त दिसतात, आणि याचं श्रेय शेतातले श्रम आणि बाजरीची भाकरी यांना असावं. सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. मागच्या रांगेतल्या एकानं बाजरीची सविस्तर चौकशीसुद्धा केली.

मी उठले आणि म्हणाले की बायका रोगमुक्त नाहीत, त्यांना आपण बांगड्या फोडायला सांगितलं म्हणून त्या आल्या नाहीत. अध्यक्षांनी घड्याळाकडं बघितलं. साहेब मंद हसले आणि सभेला म्हणाले, "आमच्या सहकारी जरा भावनिक आहेत." तेव्हा मला त्यांचा जो तिटकारा आला तो आजही ताजा आहे. इतका शिकलेला माणूस, आणि न बघितलेली गोष्ट नसतेच असं छातीठोक सांगतो. आमच्याकडची म्हैससुद्धा अंधारात गव्हाण चाचपून बघते.

मी प्रकल्प सोडला नाही. लाइन चांगली चालत होती, मशीन चांगलं होतं. मी गेले असते तर त्या खोलीत नुसता कागद आणि तो इस्त्रीवाला उरले असते.

उन्हाळ्यात अंगारकी आली. राजूरच्या गणपतीला जाणाऱ्यांनी रस्ता सकाळपासून भरून वाहत होता. मी गावी होते. जाऊबाईंना उपास होता. दुपारी शेंगदाण्याचा कूट करता करता त्या उंबऱ्यात बसल्या, आणि बघते तर हात जबड्यावर. कपाळावरून घाम ओघळत होता.

"काय होतंय, जाऊबाई?"

"काही न्हाई गं. उपासाचं पित्त चढलं. बसून राह्यले जराशी."

"जबडा दुखतोय?"

"दुखून राह्यला. डावा हातबी."

ब्लाऊजवालीची कळ मला त्यांच्याच तोंडून ठाऊक होती. मी दिरांना हाक मारली. त्यांच्या मोटारसायकलवर जाऊबाईंना मधे बसवून आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टर राजूरच्या गर्दीत ड्यूटीवर गेले होते. नर्स होती. आणि तंत्रज्ञ होता, एसीत.

त्यानं शहराशी लाइन जोडली. पडद्यावर मोठ्या डॉक्टरांचं कपाळ आणि एक डोळा दिसला, कॅमेरा कुणी सरळ केलाच नव्हता. त्यांनी विचारलं, बाई आहे का, उपास आहे का. मग म्हणाले, "पित्तच असणार. तुमच्याकडच्या बायकांना हृदयाचा त्रास नसतो, तुमच्याच साहेबांनी दाखवलंय ना." उंटावरून शेळ्या हाकतात हे ऐकलं होतं. इथं उंटसुद्धा शंभर कोस लांब, आणि शेळीला काय झालंय ते उंटावरच्यालाच अधिक ठाऊक.

"आलेख काढा," मी म्हणाले.

"दागिने," तंत्रज्ञ म्हणाला.

मी जाऊबाईंना आडवं केलं, दोन्ही हातांच्या बांगड्या वर सारल्या आणि चिमटे लावले. छातीच्या तारा नर्सनं पडदा ओढून लावल्या. एवढ्याला किती वेळ लागतो? पोळी लाटायला लागतो तेवढा. तरी मशीन चालेना. पडद्यावर एक चौकट होती, दागिने काढले आहेत का म्हणून, आणि तिथं खूण केल्याशिवाय ते पुढं जात नव्हतं. तंत्रज्ञ माऊसवर हात ठेवून बसला.

"मॅडम, काढलेले नाहीत. खोटं कसं भरू?"

पुण्यात अख्ख्या सभागृहाला खोटं पचलं, आणि या हरिश्चंद्राला एक चौकट पचेना. मी त्याला खुर्चीसकट बाजूला ढकललं आणि खूण केली.

आलेख निघाला. स्वच्छ, एक रेघ हललेली नाही. मोडेम किणकिणलं आणि तो शहरात पोचला. पडद्यावरचा डोळा बारीक झाला. मग ते कपाळ खाली आलं, पहिल्यांदा पूर्ण चेहरा दिसला आणि आवाज बदलला. नर्सला कुठली गोळी चावून खायला द्यायची ते त्यांनी सांगितलं आणि मला म्हणाले, आत्ता निघा, थांबू नका.

राजूरचा रस्ता माणसांनी तुंबला होता. दिरांनी जीप मिळवली आणि शेताशेतातल्या कच्च्या वाटेनं जालना गाठलं. मी वाटेत जाऊबाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि देवाला नव्हे, साहेबांना शिव्या देत होते. जालन्याच्या दवाखान्यात सिस्टरनं त्यांना बघितल्याबरोबर बांगड्या वर सारल्या आणि चिमटे लावले. कुणाला विचारलं नाही, कुठला कागद वाचला नाही.

जाऊबाई वाचल्या. मशीननं वाचवल्या, हे मी कुठंही सांगायला तयार आहे. मशीन बिचारं वर्षभर हेच करायला तिथं बसलं होतं.

महिन्याभरानं साहेब आले. आता त्यांना बायकांच्या रकान्यात एक सापडली होती आणि ती वाचलेली होती. दवाखान्यात कार्यक्रम ठरला. मशीनच्या खोलीसमोरच्या पडवीत सतरंज्या घातल्या, सगळ्या गावाला चपला पायरीखाली काढायला लावल्या. साहेब बाजरीचं नाव घेईनात. आमच्या प्रकल्पानं एका मातेचे प्राण वाचवले, असं ते म्हणाले आणि जाऊबाईंना दोन शब्द बोलायला उभं केलं. जाऊबाई नव्या लुगड्यात होत्या. अंगात मात्र ब्लाऊजवालीनं शिवलेला जुनाच ब्लाऊज होता.

त्यांनी माइक धरला नाही. हात पुढं केला, बांगड्या वर सारून दाखवल्या आणि खाली सोडल्या.

"इतकंच होतं," त्या म्हणाल्या. "मी काही काढलं न्हाई, काही फोडलं न्हाई. मंग माझ्या मैत्रिनीला काहून परत लावलं? तीबी इथंच आल्ती. हेच दुखत व्हतं तिला. तिला बांगड्या फोड म्हन्ले. तिला कुनी मारलं ते सांगा मला."

ब्लाऊजवालीचा नवरा मागं खांबाला टेकून बसला होता, त्यानं मान खाली घातली. आणि तेवढ्यात टाळी वाजली. पहिली टाळी साहेबांची होती. मग त्यांच्यामागं त्यांची माणसं, आणि मग सवयीनं सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर साहेब आमच्याजवळ आले. "फार मनापासून बोलल्या ताई," ते मला म्हणाले. "ती मैत्रीण कोण म्हणत होत्या? आपल्या नोंदीत आहे का?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात जाऊबाईंनी माझा दंड धरला.

"चल मास्तरीण," त्या म्हणाल्या. "याला सांगून काही फायदा न्हाई."

आम्ही पायऱ्या उतरून खाली आलो. सगळ्या गावाच्या चपला एका ढिगात पडल्या होत्या. जाऊबाईंना वाकायची मनाई होती, म्हणून त्यांच्या चपला मी शोधत बसले.