नाल्याकडचा तांदूळ

ऐंशीच्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका प्रयोगशाळेत मी तांदळातले शिसं आणि कॅडमियम हे विषारी धातू मोजायचो. स्वच्छतेचं आम्हाला कोण वेड! काचेचं भांडं आधी आम्लात बुडवून ठेवल्याशिवाय वापरायचं नाही, बोटांच्या चिमटीने दाणा उचलायचा नाही. दाणा कुठल्या शेतातला, हे मात्र कुणी विचारत नसे. शेतात जायचं तर बुटाला चिखल लागतो ना!

आमचे साहेब खुर्चीतूनच संशोधन करत. कारखान्यांचं पाणी नाल्यातून खाडीकाठच्या शेतांत शिरतंय अशी ओरड झाली, तेव्हा त्यांनी गावांत निरोप धाडला, घरटी एकेक किलो तांदूळ आणून द्या. आम्हाला लागायचा चमचाभर. उरलेला साहेबांच्या स्वयंपाकघरात जायचा आणि त्या भाताचं कौतुक आम्हाला ऐकावं लागायचं.

बोनकोड्याची एक मावशी धुतलेल्या फडक्यात तांदूळ बांधून आली. म्हणाली, "दादा, आमचं शेत नाल्याला लागून हाय. लेक पयल्या बालंतपनाला आलीय. घरचा भात तिला घालू का नको, तेवढं सांगा."

मी दाणे कुटले, आम्लात विरघळवले, यंत्रावर तीनदा मोजले. आकडे इतके निर्मळ आले की मी स्वतःवरच खूश. "बिनधास्त घाला, मावशी," म्हणालो आणि कागदावर ऐटीत सही ठोकली. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो, दुसरं काय.

दोन-तीन महिन्यांनी ती नात झाल्याची बर्फी घेऊन आली. साहेबांची फर्माईश होतीच, म्हणून मी विचारलं, "मावशी, तो तांदूळ आणखी मिळेल का?"

"त्यो कुठला आता? त्यो वरच्या शेतातला, देवाच्या निवदाला राखलेला. साहेब लोकांना नाल्याकडचा कसा द्यायचा? बरं दिसतं का?"

या बाईने पाहुण्याचा मान राखला होता. आणि आम्ही शिकलेले गाढव, चार पावलं चालून तिचं शेत बघायला गेलो नव्हतो.

"आणि लेकीला कुठला घातलात?"

"नाल्याकडचाच की. तुमीच बोल्लात ना, बिनधास्त घाला."

"त्यातला चमचाभर तरी उरलाय का?"

"नाय दादा, सगला तिलाच घातला. एक दिवस चुकवला नाय."