बारा पूर्णांक सात

माणूस नसलेल्या बंद खोलीत काय चाललेले असते, हे आत न शिरता कसे कळावे? २०१५ च्या डिसेंबरात मेनप्राइझबाईंच्या शेतावर, दोन कॅरव्हॅनांमधल्या चिखलात उभे राहून क्लिफर्ड हॅक्सबींनी मला हा प्रश्न विचारला. मोटारीमागे ओढायची ही फिरती घरे आम्ही काहीजण हिवाळ्यात बाईंच्या आवारात ठेवतो.

हॅक्सबी ड्रिफील्डजवळच्या एका रेल्वे फाटकावर एकतीस वर्षे फाटकवाले होते. पुढे तिथे आपोआप खाली येणारे दांडे बसले आणि ते घरी बसले; नोंदवहीची सवय मात्र सुटली नाही. गाडीची घंटा किती वाजता झाली, फाटक किती वाजता लावले, किती वाजता उघडले, हे सारे घड्याळात पाहून लिहायचे, आठवून नव्हे. त्याच शिस्तीने ते आता कॅरव्हॅनच्या बॅटरीची वही ठेवीत. ही बॅटरी गाडी ओढणाऱ्या मोटारीची नव्हे. कॅरव्हॅनच्या आतले दिवे, पाण्याचा पंप, आणि त्यांच्या घरी आणखी एक गोष्ट तिच्यावर चाले.

त्यांच्या पत्नी एनिड यांचा श्वास झोपेत अडकत असे. रात्रभर मास्कमधून हवा देणारे यंत्र त्यांना लागे. ईस्टरला आणि सप्टेंबरात हे जोडपे स्वेलडेलमधल्या एका कुरणात उतरे. तिथे पाण्याचा एक नळ, दगडी कुंपण आणि मेंढ्या एवढेच होते, वीज नव्हती. त्या वर्षीच्या सप्टेंबरात जुन्या बॅटरीने दुसऱ्याच रात्री, उजाडण्यापूर्वी, मान टाकली. सकाळी एनिडनी मास्कची घडी करून टेबलावर ठेवली आणि सांगितले की यापुढे वीज असलेला तळ, नाहीतर कॅरव्हॅनच नको. पण वीज असलेल्या तळावर, रांगेत, दुसऱ्याच्या टीव्हीशेजारी उतरणे हॅक्सबींना मान्य नव्हते. नेव्हिल सग्डन हा त्यांचा शेतावरचा शेजारी मुलीसाठी ती कॅरव्हॅन दोन वर्षांपासून मागत होता. अखेर ठरले असे : नवी बॅटरी हिवाळा धडधाकट काढील तर ईस्टर कुरणात, नाहीतर गाडी सग्डनला.

बहुतेक लोक हिवाळ्यात बॅटरी काढून घरी नेतात. मेनप्राइझबाईंच्या आवारात तसे करता येत नसे. गॅसच्या टाक्या बाहेर काढायच्या आणि चोरघंटा जागी ठेवायची, हा त्यांचा नियम. विमा कंपनीचेही म्हणणे तेच. चोरघंटेला बॅटरी हवी, आणि आवारात चार्जिंगची सोय नाही. म्हणून एक मंगळवार सोडून एक, सकाळी अकराला, हॅक्सबी मीटर घेऊन येत. विश्रांती घेतलेली भरली बॅटरी बारा पूर्णांक सात व्होल्ट दाखवते. बारा पूर्णांक चारच्या खाली फार दिवस राहिली, तर आतल्या पट्ट्यांवर कीट धरते आणि ती पुन्हा पूर्वीसारखी भरत नाही.

वीस ऑक्टोबरला आकडा होता १२.७. तीन नोव्हेंबरला १२.५. चोरघंटा एवढे खात नाही. त्यांनी बॅटरी घरी नेऊन भरली, तोवर घंटेसाठी जुनी लावून ठेवली, मग नवी परत बसवली. पंधरवड्याने पुन्हा १२.५. वहीत आता हवेचे तापमानही येऊ लागले. आत बसून त्यांनी मीटर जोडला आणि एकेक फ्यूज काढून पाहिला. मीटर चोरघंटेपुरतीच वीज दाखवी. आपण आत असताना काही गळत नाही, पाठ फिरली की गळते, असे ते मला म्हणाले, आणि सुरुवातीचा तो प्रश्न त्यातूनच आला.

सग्डनचे निदान वेगळे होते. “अरे क्लिफ, भूत राहायला आलंय तुझ्याकडे. तू गेलास की चहा उकळत बसतं.”

हिवाळ्यात ओल धरू नये म्हणून आम्ही सगळेच गाद्या कडेवर उभ्या करतो आणि कपाटांची दारे उघडी ठेवतो. एनिडचा याबाबतीत कडक हुकूम होता. हॅक्सबींच्या गाडीत कपाटाचे उघडे दार नेमके वाटेत येई. आत शिरताना ते कपाटाचे दार लोटून मिटत, निघताना पुन्हा उघडून चिमटा लावत.

बारा जानेवारीला सकाळी एनिडची इस्पितळात तपासणी होती, त्यामुळे अकराची वेळ हुकली. दोघे आवारात पोचले तेव्हा साडेतीन वाजून गेले होते आणि उजेड सरत आला होता. थंडीमुळे एनिड मोटारीतच बसल्या. हॅक्सबी आत गेले, आकडा घेतला, कुलूप लावून परतले. एनिडनी काच खाली केली.

“क्लिफ, आत दिवा आहे.”

“मेन स्विच बंद आहे. मीच केलंय.”

“मग तो तुला घाबरतो. तू शिरलास की विझतो, निघालास की लागतो. आपल्या फ्रिजमधल्या दिव्यासारखा.”

हॅक्सबी परत गेले, आणि या वेळी दार न लोटता अंग चोरून आत सरकले. कपाटात, कोट टांगायच्या दांडीमागे, मण्याएवढा दिवा मिणमिणत होता. आधीच्या मालकाने तो मेनला बगल देऊन थेट बॅटरीला जोडला होता आणि त्याचे बटण चौकटीत बसवले होते. दार मिटले की दिवा बंद.

“कपाट उघडं ठेवायला तूच सांगितलंस,” ते बाहेर येऊन म्हणाले.

“हो. आणि मिटायला कोणी सांगितलं तुला?”

एकतीस वर्षे फाटक उघडल्या-लावल्याची नोंद ठेवणाऱ्या माणसाने हे एक दार वहीत लिहिले नव्हते. त्या दिवसाची नोंद मी पाहिली आहे : “१५.४०. दार मी लावत होतो.”

तार कापून, बॅटरी पुन्हा भरून बसवली. सव्वीस जानेवारीला आकडा जवळजवळ होता तिथेच होता, आणि फेब्रुवारीअखेरही फारसा ढळला नाही. सग्डनला निरोप एनिडनीच दिला : भुताने मुक्काम हलवला, तूही आता दुसरीकडे बघ. ईस्टरला कुरणात त्यांच्या तीन रात्री झाल्या, आणि तिन्ही रात्री यंत्र सकाळपर्यंत चालले. आधीच्या मालकाला कपाटात दिवा कशासाठी हवा होता, हे कोणालाच कळले नाही.

ती बॅटरी हॅक्सबींनी २०२१ च्या ऑक्टोबरात बदलली.