चष्मा काढला म्हणजे

बाळांनो, आमच्या शेजारच्या निवृत्त नर्सबाई यंदा भीमजयंतीला विहारात पहिल्यांदाच भाषण करणार होत्या. "ताई, मी लई लांबण लावते. तुम्ही पुढं बसा, कंटाळवाणं झालं की चष्मा काढा," त्यांनी मला बजावलं. स्वतःहून असं सांगणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

त्या आपल्या आईविषयी बोलत होत्या. लष्करी छावणीत लोकांची भांडी घासून तिनं मुलीला नर्सिंगला कसं धाडलं, हे ऐकताना माझे डोळे भरून आले आणि ते पुसायला मी चष्मा काढला. त्या तिथंच थांबल्या आणि माइकवरूनच म्हणाल्या, "ताईंनी चष्मा काढला, म्हणजे माझं लांबलं. बसते आता." आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता.

मला भरसभेत उठून सांगावं लागलं, "अहो, डोळे पुसत होते मी. बोला पुढं."

"मग तसं आधी ठरवायचं ना, ताई," त्या म्हणाल्या. सगळे हसले, त्याही हसल्या. मग आईची गोष्ट जिथं सोडली होती तिथून त्यांनी पुन्हा धरली. मी चष्म्याला हात लावला नाही, डोळे तसेच वाहू दिले.