दुधाचं घर

फ्रान्समधल्या मोर्व्हां भागाच्या टेकड्यांतल्या घरांवरचं गवत उतरलं आणि पाटीच्या दगडाची छपरं चढली, ती बायकांच्या दुधावर. पॅरिसच्या श्रीमंतांची पोरं पाजायला इथल्या बाया जायच्या आणि वर्षा-दोन वर्षांनी परतून घर बांधायच्या. अशा घराला इथे सरळ दुधाचं घर म्हणतात. म्हणताना कुणाची मान खाली जात नाही. का जावी? राबून कमावलेलं आहे. पण दोरोते गोत्येची जायची, आणि का जायची ते तिनं म्हातारपणापर्यंत कुणाला कळू दिलं नाही.

तिनं पाजलेला एत्येन पॅरिसात मोठा शस्त्रक्रियेचा डॉक्टर झाला. त्याचा फोटो चुलीवरच्या फळीवर होता. पोटच्या लाझारचा फोटो कधी काढलाच नव्हता. लाझार घराला लागूनच्या कामशाळेत बसून लाकडी जोडे कोरायचा. त्याचे पाय लहानपणापासून धनुष्यासारखे वाकलेले.

एके सकाळी मेयर बोनार टोपी हातात घेऊन आला. चौकात संगमरवरी पाटी लागणार होती, मोर्व्हांत जन्मलेल्या थोर माणसांची. शेजारच्या गावाला नावं मावत नव्हती. ह्या गावाला सापडले एक सेनापती आणि एक बिशप.

"दोरोतेकाकू, तुमचा डॉक्टर घालू या."

"तो पॅरिसचा."

"दूध कुठलं? इथलं. मग माणूस कुठला?"

"दूध माझं. जन्म त्याच्या आईनं दिला."

"ती बिचारी आता थडग्यातून उठून येतेय होय सांगायला! तुम्ही म्हणायचं, बाई हवापालटाला आली आणि तुमच्याच खाटेवर बाळंत झाली. डॉक्टरांना विचारलंय. हसले. म्हणाले, दाई म्हणेल ते खरं. नाव लागलं तर गावात दवाखाना बांधून देणार आहेत."

एत्येन माझ्या खाटेवर जन्मला. दोरोतेनं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. गोड लागलं, आणि तेवढ्यासाठीच तिला स्वतःची किळस आली. तरी तोंडातून "बरं" निघून गेलं.

कामशाळेतला आवाज थांबला. लाझार दारात आला.

"कधी जन्मला म्हणायचं, मेयरसाहेब?"

"तुझ्याच साली, जूनमध्ये."

"जूनमध्ये त्या खाटेवर मी जन्मत होतो. दोघांना जागा पुरली कशी?"

"तुझं काय जातंय रे? तुझं नाव थोडंच यायचंय दगडावर?"

"छे, माझं कुठलं! सांग आई, सांग. दवाखाना होईल." एवढं बोलून तो आत वळला.

टोमणा तिनं गिळला असता. ते "सांग" गिळवेना.

"मेयरसाहेब, लिहू नका."

"आत्ता तर बरं म्हणालात!"

"म्हणाले. आता नाही म्हणते."

"आणि दवाखाना?"

"बांधायचाच असेल तर तो नावावाचून बांधेल. नाही बांधला तर मला शिव्या घाला."

बोनार तिथूनच शिव्या घालत निघाला.

ती कामशाळेच्या दाराशी गेली. लाझारनं मान वर केली नाही.

"माझ्यासाठी केलंस? मी मागितलं नव्हतं. टेकडीपलीकडच्या डॉक्टरकडे हेच पाय ओढत जायचंय मला."

"ठाऊक आहे. पण तुझ्या जन्माचं एकदा खोटं सांगून झालंय. पुन्हा नाही सांगवत."

आता त्यानं पाहिलं.

"कायदा होता. स्वतःचं पोर सात महिन्यांचं झाल्याशिवाय दाईला जाता यायचं नाही. तू दोन महिन्यांचा होतास. तपासणीला मी शेजारच्या झनेतचं पोर उचलून नेलं. हाच माझा लाझार म्हटलं. डॉक्टरनं त्याच्या मांड्या चिमटल्या आणि म्हणाला, वा! अशा आईचं दूध पाहिजे."

"झनेतचा फेलिक्स? तो ढोल्या?"

"तोच."

"आणि मी?"

"आजीजवळ. शेळीचं दूध आणि भिजवलेला पाव."

"खूप रडायचो?"

"मला काय माहीत, बाळा? तिकडे एत्येन रडला की मला पान्हा फुटायचा. पहिले काही दिवस तू आठवलास तरी फुटायचा. मग त्याच्यासाठीच फुटायला लागला."

लाझारनं हातातला जोडा फिरवला, आत बोट घालून खडबडीत जागा चाचपली.

"हे नसतं सांगितलंस तरी चाललं असतं."

"हो."

"फेलिक्सला सांगू, माझ्या नावावर पास झालास म्हणून?"

"सांग."

"नको. आधीच शेफारलाय."

पण तो हसला नाही. सुरी उचलून कोरायला लागला. ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. दोरोते उंबऱ्यातच उभी राहिली. लाकडाच्या ढलप्या तिच्या पायापर्यंत उडून येत होत्या आणि ती पाय मागे घेत नव्हती.