कानटोपीची लोकर

बायको असताना मी घरात एकदाच धुणं धुतलं. त्याचं सांगतो.

कासारवाडीच्या कंपनीतनं कमी केल्यावर मी चाकणच्या पुढं एका पॉलिहाउसमदी लागलो. गुलाबाचं. बायको तिथं आधीपास्नं फुलं तोडायची, मी फवारणीला. गुलाबाच्या पानाखाली लाल कोळी पडतो, टाचणीच्या टोकाएवढा. त्याला मारायला मी पाठीवर पंप घेऊन असा निघायचो, जसं काय सीमेवरच चाललोय. फवारलं की बायकोला दम लागायचा. तोडता तोडता खाली बसायची. मी म्हणायचो, "नाटकं करती." एवढी माझी अक्कल.

मग मालकानं कुठनं तरी शेतीच्या म्याडम आणल्या. त्यांनी बाटलीतनं दुसरे कोळी आणले, लाल कोळ्याला खाणारे. पण गुलाबाच्या पानाला लपाय जागा न्हाई, त्यामुळं ते टिकत न्हाईत, म्हणल्या. पानाच्या बेचक्यात लोकरीचा पुंजका बांधायचा. त्यात ते ऱ्हातात, अंडी घालतात.

मालक बायकोला म्हणला, "दोन वाफे तुमच्याकडं. जमलं तर फवारणीच बंद करू."

त्याच दिवशी तिनं माझी कानटोपी उसवली.

"अगं, थंडीत माझं डोस्कं?"

"त्यात काय ऱ्हातंय? ह्यात किडं तरी ऱ्हातील."

"आपुन दर अकरा महिन्याला खोली बदलायची, आन किड्यांला बंगला."

ती हसली आन उसवतच ऱ्हायली. दोन महिने म्याडमनी दिलेलं भिंग घेऊन पानं उलटत होती. वाफे जमले. त्या दोन महिन्यात ती त्या वाफ्यात एकदाबी खाली बसली न्हाई. हे मला आता आठवतंय, तवा दिसलं न्हाई.

मग त्या वाफ्यांची छाटणी आली. मालक म्हणला, आता मधल्या चार वाफ्यात दाखवा, तिथं लाल कोळी लई हाय. तिनं छाटणीआधी समदे पुंजके काढले, कागदी पिशवीत घातले, खोलीवर आणले. सकाळी बांधायचे. आन ती दम्याचं औषध आणाय दवाखान्यात गेली.

मी घरात एकटा. पिशवी उघडली. मळकट, धूळ बसलेली लोकर. म्हणलं, बिचारी एवढं राबती, आपुन एक काम करू. गरम पाणी केलं, पावडर टाकली, चांगली चोळली. दोनदा. पत्र्यावर वाळत घातली आन ती कवा येती म्हणून दारात उभा ऱ्हायलो, शाबासकी घ्यायला.

ती आली. तिनं भिंग काढलं. एकेक पुंजका उचलून बघितला, समदे बघितले.

"अवो, विरजण होतं ते," म्हणली. मग पुंजका खाली ठिवून, "जन्मात पयल्यांदा काय धुतलंत, आन तेच."

वरडली असती तर बरं झालं असतं.

मालकाला माझं धुणं कळू नये म्हणून मोकळीच लोकर बांधली तिनं. पंधरा दिवसात मधल्या वाफ्यांवर लाल कोळ्याची जाळी चढली. मालक म्हणला, फवारा. फवारणार कोण, तर मीच. ती दाराशी पदर नाकाला लावून उभी. मी पंप चालू केला.

दिवाळीआधी ती गेली. दम्यानंच. फवाऱ्यानं वाढला का, हे मी डॉक्टरला इचारलं न्हाई. व्हय म्हणला असता तर?

पंप खाली ठिवला मी. मालकाला म्हणलं, ते दोन वाफे मला द्या आन म्याडमकडनं बाटली मागवा. त्यानं मागवली. तिचा स्वेटर हाय घरात, पर उसवाय हात धजंना. नवी लोकर आणली. माझ्या जाड बोटांनी गाठ बसत न्हाई, निम्मे पुंजके खाली पडत्यात. बाया हसत्यात. हसू द्या.

परवा भिंगातनं एक दिसला. पुंजक्यातनं निघून पानाच्या शिरंवरनं तुरुतुरु चालला होता. माझ्या तोंडातनं हाक गेली, "अगं, हे बघ."

पलीकडच्या वाफ्यातनं बाई म्हणली, "काय वो, काय झालं?"

"काय न्हाई," म्हणलं, "मुंगी चावली."