दाराबाहेरची खुंटी

कुसुमताई गेल्याची बातमी मंगलानेच आणली. मंगला माझी धाकटी बहीण. शाळा सुटल्यावर ती तशीच आली, बोटांना खडू लागलेला. दारातच म्हणाली, "ताई, कुसुमताई गेली वं." दीड महिना झाला त्याला. आज मंगला पोरांना गणित शिकवते, रागावते, हसते, ते या बाईमुळे. हे एकदा लिहून ठेवलंच पाहिजे.

आम्ही लहान होतो तेव्हा सक्करदऱ्याला आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत कुसुमताई आणि तिची आई राहायच्या. कुसुमताई एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. बाबा मोटारीच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचे आणि जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं मागच्या अंगणात भट्टीवर वितळवायचे. धूर गल्लीभर फिरायचा, पण त्याचं कुणाला काही वाटत नसे. उलट भट्टीची राख मऊ आणि फुकटची, म्हणून आई तिनेच भांडी घासायची, शेजारणींनाही द्यायची. आमच्यासारखी पितळी भांडी गल्लीत कुणाची चकाकत नसत आणि आईला त्याचा भारी तोरा होता.

तीन वर्षांची मंगला मात्र सुकत चालली होती. पोट धरून रडायची, माती खायची, चेहरा पांढराफटक. आई वावडिंग द्यायची, दृष्ट काढायची. कुसुमताईला पहिली शंका आली ती स्वतःच्या पांढऱ्या कोटावरून. भट्टी पेटली की त्याच दिवशी दोरीवरचा कोट राखाडी व्हायचा. एका सकाळी तिने बाबांना सरळ तोंड उघडायला लावलं. हिरड्यांवर निळसर रेघ होती, शिसं अंगात भिनल्याची खूण.

"पान खाऊन राहिलो ना मी," बाबा हसून म्हणाले.

"पानानं लाल होते, भाऊ. हे निळं आहे. पोरीचं रक्त तपासू द्या मले."

तिने मंगलाच्या बोटाला सुई टोचली. सूक्ष्मदर्शकाखाली काचेवर लाल पेशींत निळे ठिपके दिसले, तेव्हा ती काच घेऊन डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली. शिशाचं विष मंगलाच्या अंगात श्वासातून गेलं होतं, ताटावाटीतून गेलं होतं आणि बाबांच्या शर्टावरूनही. भट्टीवरून उठले की बाबा आधी मंगलाला उचलून खांद्यावर घ्यायचे.

हे ऐकून आई भडकली. "म्हणजे माझीच भांडी माझ्या लेकराले मारून राहिली म्हणता काय?" तिने कुसुमताईशी बोलणं टाकलं. कुसुमताई मात्र त्याच संध्याकाळी हातोडी घेऊन आली आणि आमच्या दाराबाहेर, नळाशेजारी, खुंटी ठोकली.

"भाऊ, शर्ट इथं. मंग आंघोळ. मंग लेकरू."

बाबा म्हणाले, "भट्टीच कळमन्याकडं नेतो. तिकडं मोकळं आहे."

"काहून, तिकडं लेकरं नाहीत काय?"

आठवडाभराने एका दुपारी बाबांनी स्वतःच भट्टी फोडली आणि वायरिंगची कामं धरली. मंगला कितीतरी दिवस दवाखान्यात होती. कामावर जाता-येता कुसुमताई तिच्या खाटेशी बसायची आणि आई तोंड फिरवून बसायची... आमची आई म्हणजे तशीच, मोडेल पण वाकणार नाही.

पण मंगला पुन्हा अंगणात पळायला लागली, त्या दिवशी आईने पाटवड्या केल्या. डबा घेऊन स्वतः गेली आणि दारातच म्हणाली, "विकतच्या पावडरनं घासला, ताई." कुसुमताईने तिथेच उभ्याने एक पाटवडी तोंडात टाकली. "मीठ कमी आहे, वहिनी," म्हणाली. दोघी हसल्या, मग आई रडली. त्यानंतर आमच्या घरचा कुठलाही सण तिच्याशिवाय झाला नाही. तिचे उपकार फिटणारे नाहीत आणि ते फिटावेत असं मला वाटतही नाही.

बाबा आता थकले आहेत. भट्टी फोडून कितीतरी वर्षं झाली, तरी बाहेरून आले की शर्ट त्याच खुंटीवर जातो. परवा ते भाजी घेऊन आले, तर मंगलाची मुलगी हात पसरून धावली. "थांब माय," बाबा म्हणाले. शर्ट खुंटीला लावला, नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, आणखी एकदा धुतले. मग वळून त्यांनी नातीला उचललं.