ड्रायव्हरच्या सीटवरचा जावई

अख्ख्या सौंसर तहसिलीत जावयाची किंमत किलोवर करणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्याच नशिबी सासरा म्हणून आला. लग्नानंतर पहिल्यांदा पांढुर्ण्याहून सासरी गेलो, तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून. पाय धुवायला पाणी येईल, चहा-पोहे येतील, या आशेवर उभा. तर अंगणातल्या खड्ड्यातून आवाज आला, "जवाईबापू, वजन किती तुमचं?" म्हटलं, "बहात्तर." "वा! माझ्याहून दोनच किलो कमी. बसा मग ड्रायव्हरच्या सीटवर, पोहे मंग खाऊ." खड्ड्यावर मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, जुनी, छोटी गाडी चारही चाकांवर उभी होती. सासूबाई शेजारच्या सीटवर मेथी निवडत बसलेल्या. म्हणाल्या, "या, बसा. रागावू नका. पोरीले तं परीक्षेच्या दिवशीही मागं बसवलं होतं यायनं."

भानगड अशी. चाकाची दांडी गाडीला जिथे जोडलेली असते, तिथे रबराचा बुश असतो. धक्का तो खातो, आणि झिजला की गाडी खटखट वाजते. मामाजी गणिताचे रिटायर मास्तर. त्यांचा सिद्धांत असा की नव्या बुशचा बोल्ट चाकं हवेत लटकत असताना आवळला, तर रबराला कायमचा पीळ बसतो. म्हणून गाडी जमिनीवर हवी, आणि रोजची माणसं रोजच्या जागी बसलेली हवीत. मेकॅनिक जॅकवरच आवळून मोकळे होतात, त्यामुळे मामाजी त्यांना हातही लावू देत नाहीत. "झोपल्या झोपल्या जोड्याचं माप घेते का कोणी?" असं त्यांनी बसस्टँडवर एकाला चारचौघांत विचारलं होतं. कान तर असा, की एका लग्नात नवरदेवाची गाडी दारात आली आणि हे हातातल्या अक्षता विसरून म्हणाले, "डाव्या बाजूचा बुश गेला हो!" स्वतः खड्ड्यात असल्यामुळे त्यांची जागा तेवढी रिकामी पडायची. ती भरायला मी आयताच सापडलो.

मग सासूबाई न्हाणीत घसरल्या. नागपुरात मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, पण धक्का बसता कामा नये, बसला तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल. सगळे म्हणाले, मोठी गाडी भाड्यानं करा. मामाजी म्हणाले, "दुसऱ्याच्या बुशच्या भरोशावर आणू मी तिले?" मी चिडलो. म्हटलं, "मामाजी, हट्ट पुरे, त्यांच्या पाठीचा प्रश्न आहे." ते म्हणाले, "म्हणूनच."

दोन दिवस ते खड्ड्यात. एकूण एक बुश बदलला. सासूबाईंची सीट रिकामी होती, आणि आपलं वजन त्यांनी जन्मात कधी नवऱ्याला सांगितलं नव्हतं. दवाखान्याच्या कागदावर ते सापडलं. एकसष्ट! तेवढी संत्री तोलून पोत्यात भरली आणि पोतं त्यांच्या सीटवर निजवलं. मी माझ्या जागी. "हलू नका जवाईबापू, मी आवळून राहिलो."

परतताना गाडी मामाजींनी चालवली. मी मागे बसून सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. दर ब्रेकरला दात मीच आवळायचो. लोधीखेड्याजवळ रस्ता उखडलेला, तिथे तर यांनी बैलगाडीलाही पुढे जाऊ दिलं. सासूबाईंचं हूं नाही की चूं नाही. घाबरून वाकून पाहिलं, तर बाई चक्क घोरत होत्या! दारात गाडी थांबली तशा डोळे उघडून म्हणाल्या, "सावनेर आलं का?" सावनेर तर अर्ध्या वाटेतच मागे पडलं होतं. मामाजी उतरले आणि कोणी पाहत नाही असं समजून बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. हा माझा सासरा आहे, असं त्या दिवशी मला भर बाजारात ओरडून सांगावंसं वाटलं.

आता सासूबाई ठणठणीत आहेत, पण मामाजींचे गुडघे गेले. गेल्या महिन्यात बुश पुन्हा बदलायचे होते. खड्ड्यात उतरायला त्यांनी दोनदा पाय टाकून पाहिला, मग पाना माझ्या हातात दिला आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. शेजारी सासूबाई, मागे आमची बायको. मी खड्ड्यात उतरलो, पाना लावला आणि विचारलं, "मामाजी, आवळू?"

वरून मामाजी सीटवर नीट टेकून बसल्याची करकर ऐकू आली. मग आवाज आला, "आवळा, जवाईबापू. इतकी वर्षं दोन किलोचा फरक राहून जात होता. आज वजन बरोबर आलं."